पावसाआधी कारचे टायर बदलताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या रस्त्यांसाठी

टायर बदलायचा मुहूर्त आपल्याकडे बहुतेकांचा चुकतो. मृगाचा पाऊस धरतो, चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या एखाद्या वळणावर गाडी जरा सरकते आणि मग टायरच्या दुकानापुढे गर्दी होते. त्या गर्दीत आपल्या मापाचा, ताज्या तारखेचा टायर मिळेलच असे नाही. अलाइनमेंटलाही (चाकांचे कोन जुळवून घ्यायलाही) मागे पाच गाड्या उभ्या असल्या की काम उरकले जाते. म्हणून चारही चाके मेच्या मध्यापर्यंत बघून घ्यावीत. नक्षी झिजून गोटा झालेला टायर कोरड्या डांबरावर बराच चांगला चालतो, त्यामुळे उन्हाळाभर काही जाणवत नाही. पाणी बाहेर फेकायचे काम खाचांचे असते आणि त्या उरल्यात किती, हे पहिल्या जोराच्या सरीतच कळते.

किती झिजला म्हणजे बदलायचा

नव्या कार टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिमी खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारसाठी १.६ मिमी ही खालची मर्यादा आहे. गाडी केए-२२ असो की एमएच-०९, नियम तोच. मुख्य खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. त्यांची जागा सापडावी म्हणून टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. बाजूची नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, की टायर संपला.

मात्र १.६ मिमीपर्यंत थांबणे हे सपाट, कमी पावसाच्या भागातल्या गाडीला चालून जाईल. ज्यांचे जांबोटी, कणकुंबी, चंदगड, रामनगर या बाजूला जाणे-येणे आहे किंवा जे पावसात राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ८०-९० च्या वेगाने निपाणी-धारवाड करतात, त्यांनी ३ मिमी हीच मर्यादा धरावी. एवढ्या वेगात साचलेल्या पाण्यावरून जाताना खाचेला सगळे पाणी बाजूला काढता आले नाही, की चाक पाण्यावर तरंगते आणि त्या क्षणापुरते स्टेअरिंग व ब्रेक दोन्ही हातातून जातात. खोली मोजायचे गेज स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा. टायर किती उरला ते ठरवताना तिन्हींतला सर्वांत कमी आकडाच खरा.

नक्षी शिल्लक असूनही टायर बाद होतो, ते दोन कारणांनी. एक म्हणजे वय. पाच वर्षांनंतर दरवर्षी एकदा टायर नीट तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झालेला टायर कितीही कोरा दिसला तरी काढावा. आठवड्यातून एकदा बाजाराला निघणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगांचे जाळे दिसते, रबर नखाने दाबले तर कडक लागते. दुसरे कारण फुगा. खड्ड्याच्या कडेवर चाक जोरात आदळले की साइडवॉलच्या आतले धागे तुटतात आणि तिथे हवा बाहेरच्या रबराला फुगवते. फुग्याला दुरुस्ती नाही. तो अंगठ्याएवढा असो की लिंबाएवढा, त्या टायरवर घाट उतरू नये.

जुना टायर आधी वाचा

नवे टायर घेण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सहा महिन्यांत नवा टायरही त्याच जागी खाल्ला जातो. टायर कसा झिजला, यावरून गाडीत काय बिघडले आहे ते कळते.

दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शिल्लक, तर हवा कायम कमी राहिली. मध्य गेला आणि कडा शिल्लक, तर हवा जास्त. ‘मायलेज मिळतो’ म्हणून सरसकट ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरणाऱ्यांच्या गाडीला हे हमखास दिसते. फक्त आतली कड गेली असेल तर टो (वरून बघता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा तिरपेपणा) बिघडलेला असतो, कधी लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) वाकलेला किंवा त्याचा बुश (सांध्यातले रबर) गेलेला असतो. ही आतली कड उभ्या गाडीत दिसतच नाही. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, मोबाइलच्या टॉर्चने चाकामागे बघा आणि मगच हात घाला. कड पार गेली असेल तर आतली पोलादी तार बाहेर आलेली असते, ती बोटात घुसते. बाहेरून तीन-चार मिमी नक्षी दिसणारा टायर आतून तारेपर्यंत गेलेला असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

तळहात नक्षीवरून आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे टोचत असेल तर टो बिघडला आहे. टायरच्या घेरावर हातभर अंतरात उंच-खोल वाट्या पडल्या असतील तर शॉकअब (धक्के शोषणारे) गेले किंवा बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे असणे) बरेच दिवस बिघडले आहे. अशा टायरचा घुमणारा आवाज हुबेहूब व्हील बेअरिंगसारखा येतो आणि फुकट बेअरिंग बदलले जाते. ओळखायची खूण सोपी आहे: डांबराचा पोत बदलला की आवाज बदलत असेल तर तो टायरचा, मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवल्यावर आवाज वाढत-कमी होत असेल तर बेअरिंगचा.

आपल्या भागातले एक दुखणे वेगळे आहे. ऊस हंगामात निपाणी, चिकोडी, अथणीच्या अरुंद रस्त्यांवर समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की आपल्यालाच डावीकडे साइडपट्टीवर उतरावे लागते. पट्टी खचलेली असते, डांबराची कड चार-सहा इंच उंच आणि धारदार राहिलेली असते. परत वर चढताना डाव्या चाकाची साइडवॉल त्या कडेला घासते. म्हणून तपासताना डाव्या बाजूचे दोन टायर विशेष बघा. कड चढताना वेग अगदी कमी करून स्टेअरिंग थोडे जास्त वळवले तर चाक घासत न राहता वर येते.

माप: जे कंपनीने दिले तेच

साइडवॉलवर १८५/६५ आर१५ ८८ एच असे काहीसे लिहिलेले असते. १८५ ही मिमीमध्ये रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. ८२ म्हणजे ४७५, ८४ म्हणजे ५००, ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादा सांगते: एस १८०, टी १९०, एच २१० किमी. आपल्याला त्या वेगाने जायचे नसते, पण अक्षर खाली आणू नये, कारण ते टायर उष्णता किती सोसतो त्याचेही माप आहे. भार निर्देशांक तर अजिबात कमी घेऊ नये. पाच माणसे आणि डिकीत तांदळाची पोती घालून गावाकडून येणारी गाडी दुकानातल्या रिकाम्या गाडीपेक्षा खूप वेगळी असते.

‘एक नंबर मोठा घाला, गाडी उठून दिसते’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो तपासायचे गणित असे: रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा आणि त्यात रिमचा व्यास (इंच गुणिले २५.४) मिळवा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचे १६५/८० आर१४ घ्या. १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, त्यात ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिमी. वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर१५ याच रीतीने ६२१.५ मिमी येते. फरक जेमतेम २ मिमी, म्हणून कंपनी स्वतःच ही दोन मापे देते. १४ च्या जुन्याच रिमवर १८५/७० घातले तर ६१४.६ मिमी, म्हणजे पाऊण टक्का कमी. व्यास चालून जाईल, पण रुंद टायरला तेवढी रुंद रिम लागते, स्टेअरिंग जड होते आणि पूर्ण वळवल्यावर टायर आत घासत नाही ना, ते बघावे लागते. व्यासातला फरक २-३ टक्क्यांच्या वर गेला की स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसचे (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) गणितही बिघडते.

मोठी रिम आणि पातळ साइडवॉल हा प्रकार आपल्या रस्त्यांना मानवत नाही. खड्ड्याचा दणका साइडवॉलच्या उंचीने सोसायचा असतो. ती उंची कमी केली की फुगा आणि वाकलेली अलॉय रिम दोन्ही लवकर पदरात पडतात. दिसण्याचा सोस बाजूला ठेवून कंपनीच्याच मापावर राहावे, हे आमचे ठाम मत आहे.

कोणत्या प्रकारचा

गावात आणि हायवेवर फिरणाऱ्या हॅचबॅक-सेदानला साधा रस्त्याचा टायर पुरे. त्यात रुंद सरळ खाचा तीन-चार असाव्यात आणि दुकानदाराला ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारावे. जास्त किलोमीटर चालणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो आणि ओल्या डांबरावर थोडा घसरतो. मऊ रबराचा पकड चांगली देतो, पण लवकर झिजतो. दोन्ही एकाच टायरमध्ये भरपूर मिळत नाही. वर्षाला १०-१२ हजार किमीच चालणाऱ्या घरच्या गाडीने पकडीकडे झुकावे, कारण तिचा टायर तसाही बऱ्याचदा झिजण्याआधी वयाने बाद होतो. टॅक्सी आणि रोज बेळगाव-कोल्हापूर करणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

खानापूरच्या पश्चिमेला लाल माती आणि जांभ्याचे दगड, रोजचे तीन-चार किमी कच्चे असतील, तर एसयूव्हीला ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचा) प्रकारचा टायर शोभतो. एरवी नाही. त्याचा आवाज जास्त, डिझेल जास्त आणि ओल्या डांबरावरचा ब्रेक त्याच दर्जाच्या रस्त्याच्या टायरपेक्षा लांब लागतो. काळ्या मातीच्या रानात रुतलेल्या दोन चाकी ओढीच्या गाडीला तर ए/टी टायरही बाहेर काढत नाही, ट्रॅक्टरच लागतो.

दुकानात काय बघायचे, काय विचारायचे

साइडवॉलवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत चालेल, त्याहून जुना असेल तर भावात सूट मागा नाहीतर दुसरा टायर काढायला सांगा. ही ओळ टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असते, म्हणून चढवण्याआधीच बघा. एकदा ती बाजू आत गेली की जॅकखाली झोपून वाचत बसावे लागते. चारही टायर एकाच आठवड्याचे मिळाले नाहीत तरी काही बिघडत नाही, पण एका अॅक्सलवरचे दोन सारख्याच कंपनीचे, सारख्याच नक्षीचे असावेत. आयएसआयची खूण बघा. कार टायरसाठीचे मानक आयएस १५६३३ आहे.

भाव विचारताना ‘फिटिंग, नवा वॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि जीएसटी धरून किती’ असे विचारा. नाहीतर एकाने सांगितलेला स्वस्त भाव बिलापर्यंत जाईतो महाग होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कार टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर देशभर तोच असल्यामुळे नुसत्या करासाठी कोल्हापूर नाहीतर गोवा गाठण्यात अर्थ नाही. वॉरंटीचा प्रश्न आला तर जवळचे दुकान बरे पडते. बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या. बिल कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, वॉरंटीवाला तो आकडाच बघतो.

जुने ‘सेकंड’ टायर घ्यायचे असतील तर एक फसवणूक ओळखून ठेवा. गोटा झालेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा कोरून तो विकला जातो. अशा टायरच्या खाचेत मघाची आडवी पट्टी सापडत नाही किंवा मध्येच कापलेली दिसते. खाचेचा तळ खडबडीत असतो. तो टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये, त्यात रबराचा थर तारेला जेमतेम झाकेल एवढाच उरलेला असतो. नव्या गाडीचे मोठ्या रिमसाठी काढून ठेवलेले टायर मात्र, माप आणि तारीख जुळली, तर चांगला सौदा ठरू शकतो.

दोनच घ्यायचे तर ते मागे

यावर दुकानात वाद ठरलेला. “मालक, ओढ पुढं आहे, नवे पुढंच घाला की,” असे सांगतील आणि ऐकायला ते पटतेही. तरीही नवे दोन मागेच घालावेत, गाडी पुढच्या चाकांच्या ओढीची असली तरी.

कारण असे. पाण्यात पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जायला बघते, ते स्टेअरिंगवर जाणवते, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की पकड परत येते. मागची चाके तरंगली तर गाडीची शेपूट बाजूला जाते. वळणावर पाय उचलला की वजन पुढे सरकते, मागचे चाक आणखी हलके होते आणि गाडी गरकन फिरते. अनमोडच्या उतारावर ती सावरायला सराईत चालकालाही वेळ मिळत नाही. मागे बरे उरलेले जुने टायर पुढे आणावेत आणि सर्वांत वाईट दोन बाद करावेत.

हा प्रश्न येऊच नये म्हणून दर ८ ते १० हजार किमीला चाके फिरवावीत. पुढच्या ओढीच्या गाडीत पुढची दोन सरळ मागे आणि मागची दोन फुलीसारखी पुढे, म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे. टायरवर बाण असेल तर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे.

फिटिंग होताना उभे राहा

चहाला जाऊ नका. अर्धे बिघाड याच तासात होतात.

जुना टायर उतरवल्यावर त्याच्या पोटात बघा. काळा रबरी चुरा पडलेला असेल तर तो टायर कधीतरी हवा नसताना पळवला गेला आहे. तो ‘अजून चांगला आहे, स्टेपनीला ठेवा’ म्हणून कोणी परत दिला तरी ठेवू नका.

रिमची कड तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा. पोलादी रिमवर गंज आणि जुन्या रबराची साय राहिली की नवा टायर आठवड्याला दोन-तीन पीएसआय गमावतो आणि पंक्चर काही सापडत नाही. रिम मशीनवर फिरवून वाकडी आहे का ते बघा.

रबरी वॉल्व्ह प्रत्येक टायरबरोबर नवा घाला. तो काही रुपयांचा असतो आणि पाच वर्षांनी त्याच्या बुडाशी भेग पडते. गाडीत चाकातच हवेचा सेन्सर असेल तर टायर उतरवण्याआधी सांगा, नाहीतर मशीनचा दांडा नेमका त्यावर पडतो.

बीडला (रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला) साबणाचे पाणी किंवा त्यासाठीची पेस्ट लावावी. ऑइल, ग्रीस, डिझेल नको. ते रबर खाते आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर, बाण असेल तर पुढे फिरण्याच्या दिशेने. पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो, तो वॉल्व्हसमोर आला की बॅलन्सिंगला वजन कमी लागते. हवा भरताना ‘ठप, ठप’ असे दोन आवाज येऊन बीड जागेवर बसतात. ४० पीएसआयपर्यंत बसले नाहीत तर जोर न करता हवा सोडून पुन्हा साबण लावायचा. बसल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

बॅलन्सिंगआधी जुनी वजने काढा. मशीनवर चाकाच्या दोन्ही बाजूंना शून्य आले पाहिजे. एका बाजूला ५०-६० ग्रॅमच्या वर मागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा. अलॉयला चिकटणारी वजने लावतात, तिथली जागा आधी पुसून कोरडी झाली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात वजन गळते. एक स्थानिक गोष्ट: पावसाळ्यात खानापूरकडून आल्यावर रिमच्या आत लाल चिखल वाळून बसतो आणि ८० च्या वर स्टेअरिंग थरथरते. बॅलन्सिंगचे पैसे मोजण्याआधी चाके आतून धुऊन बघा.

चाक गाडीला लावताना पहिले दोन-तीन आटे हातानेच बसवायचे, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने. हवेच्या गनने शेवटपर्यंत ताणू देऊ नका. स्टड ताणला जातो, ब्रेकची डिस्क वाकते आणि घाटात रात्री पंक्चर झाले तर तुमच्या पान्याने नट हलतच नाही. लहान गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्यावा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, चारही चाकांत योग्य हवा भरून. टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाजवळचा सांधा) किंवा बुश सैल असेल तर आधी तो बदला, नाहीतर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. बहुतेक लहान गाड्यांत पुढचा टो तेवढा सेट होतो. कॅम्बर लाल दाखवला की ‘जादा पैशात करून देतो’ म्हणून काही ठिकाणी जॅकची काठी लावून स्ट्रट (शॉकअबचा खांब) वाकवतात. हे करू देऊ नका. कॅम्बर बिघडला म्हणजे काहीतरी वाकले किंवा झिजले आहे, ते शोधून बदलायचे असते.

नंतरचे दिवस

पहिले २०० ते ३०० किमी सांभाळून. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर नव्या टायरवर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. ५० ते १०० किमी झाल्यावर नट एकदा पुन्हा तपासा. अलॉय रिमला तर नक्कीच.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरील स्टिकरवर असतो. साइडवॉलवर लिहिलेला कमाल आकडा ही टायरची सोसायची मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किमीच्या आत चालली असताना, पंधरा दिवसांनी एकदा बघा. तापमान ५-६ अंशांनी बदलले की सुमारे १ पीएसआय फरक पडतो. हायवेवर तासभर पळाल्यावर ४-५ पीएसआय वाढलेले दिसतात, ते सोडून देऊ नका, थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहील. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. गोव्यात उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढल्याने गेज सुमारे १ पीएसआय कमी दाखवतो, पण तिकडच्या उकाड्याने तेवढाच वाढतोही, तेव्हा इथे भरलेली हवा तिथे छेडायची गरज नाही. पाच माणसे आणि सामान असेल तर स्टिकरवरचा भरल्या गाडीचा आकडा पाळा, मागच्या चाकांचा फरक बराच असतो. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर घ्या. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पंक्चर आणि स्टेपनी

ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर रस्त्यावर उपटू नका. तोच भोक बुजवून असतो. हवा बघा, टिकत असेल तर सावकाश दुकान गाठा. उद्यमबाग-मच्छेच्या वर्कशॉप पट्ट्यात लेथचा लोखंडी कीस आणि पूर्वेकडच्या रानात बाभळीचे काटे ही नेहमीची कारणे. काट्याचे भोक इतके बारीक असते की साबणाच्या पाण्यात बुडबुडा यायला मिनिटभर लागतो, तेव्हा ‘काही नाही’ ऐकून लगेच निघू नका.

बाहेरून घातलेली स्ट्रिप तात्पुरती बरी. टायर उतरवून आतून लावलेला मश्रूम पॅच पक्का. नक्षीच्या मधल्या भागातले, सहा मिमीपर्यंतचे भोकच दुरुस्त करावे. खांदा आणि साइडवॉलवरचे नाही. ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेऊ नये, आतल्या घर्षणाने ती तापून फुटते.

रस्त्यात चाक बदलायचे तर:

१. वळणापासून लांब, सपाट आणि कडक जागा गाठा. त्यासाठी शंभर मीटर सावकाश जावे लागले आणि टायर गेला तरी चालेल. हझार्ड लाइट लावा, त्रिकोण ५० मीटर मागे ठेवा, माणसांना उतरवून रस्त्याबाहेर उभे करा.

२. हँडब्रेक, पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकला ‘पी’. कर्णातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड.

३. जॅक लावण्याआधी नट अर्धा आटा सैल करा. पान्यावर पाय देताना पाना नटावर पूर्ण बसलाय याची खात्री करा.

४. जॅक बॉडीखालच्या खाचेच्या खुणेवरच. ओल्या लाल मातीत जॅकखाली फळी किंवा सपाट दगड ठेवा, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक सुटला तर गाडी तिच्यावर टेकेल.

५. चाक बदला, नट हाताने बसवा, गाडी खाली घेऊन समोरासमोर आवळा.

स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ८० किमी असते. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि हवेचा सेन्सर असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालते. साइडवॉल फाटली तर किटचा उपयोग नसतो, हे घाटात जाताना लक्षात असू द्या.

विम्याचेही बघून ठेवा. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत भरपाई मिळते. टायरचे वेगळे कव्हर घ्यायचे तर ते जादा हप्ता भरून पॉलिसीबरोबरच घ्यावे लागते.

काढलेले जुने टायर दुकानातच द्या आणि त्यांची घट बिलात धरून घ्या. घरी आणून परड्यात टाकले तर पावसाचे पाणी आत साचून डेंग्यूच्या डासांची पैदास होते. गोठ्याच्या छपरावर किंवा बांधावर ठेवायचेच असतील तर पाणी निघून जाईल अशी दोन-तीन भोके पाडून ठेवा.